बर्फ पुसला त्याची गोष्ट, अक्कास

ती. अक्कास नमस्कार, तब्येत बरी असेलच, भाओजींचा गुडघाही ताळ्यावर असेल, तर आता मला एवढंच सांग की टेबलावर पांढरी भुकटी सांडलेली दिसली तर बाईमाणसानं ती पुसायची की तिला सलाम ठोकून पुढं जायचं? मी पुसली. तर इथं सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू कोणाचा गळा दाबला. (आता तसं बघत नाहीत, पण ते पुढं येईल. मध्येच तोंड वाकडं करू नकोस.)

तुला माहीत नसणार, कारण आईच्या शिलाई मशीनवरून फुगून बसलीस ती दीड वर्ष एक चिठ्ठी नाही, की मी हल्ली बाहुल्यांचे कपडे शिवते. खेळण्यातल्या नव्हे, सिनेमातल्या. वीतभर म्हातारा, त्याला अस्तराचा कोट, कोटाला तिळाएवढी बटणं. बटण शिवताना मी श्वास धरते, नाहीतर ते उडून जातं आणि मग मी गुडघ्यावर रांगत फरशी चाटल्यासारखी शोधत बसते. सिनेमा काढायची रीत अशी, की म्हाताऱ्याचा पाय केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, परत केसभर, परत फोटो. एक पूल ओलांडायला त्याला आठवडा लागतो. आपली आत्या काठी टेकत चालायची ती याच्यापुढं हरिणी म्हणायची.

सिनेमे कशावर म्हणशील, तर जपानातल्या जुन्या साखळीच्या कवितेवर. तिकडं म्हणे शेकडो वर्षांपूर्वी चारपाच जण एकत्र बसायचे. एकानं तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्यानं दोन जोडायच्या, तिसऱ्यानं पुन्हा तीन. आपली कडी आधीच्या कडीला चिकटली पाहिजे, पण त्याच्याही मागच्या कडीकडे परत गेलीस की बाद! मागचं उकरायचंच नाही. (मी म्हटलं, ही माणसं कधी भांडत होती की नाही? आपण दोघी चहात साखर कमी पडली तरी तीस वर्षं मागं जातो.) प्रत्येक कडीचा एक छोटा सिनेमा. कविता समजावून सांगतात ते मास्तर, आणि बाहुल्या हलवतो तो दाढीवाला. बारा कड्यांची साखळी, पण मास्तरांच्या जुन्या वहीत शेवटच्या दोन कड्यांचं पान वाळवीनं खाल्लेलं. त्यामुळे दाढीवाला महिनाभर दाढी ओढत बसलेला, अर्धी उपटून झाली.

दहावी कडी म्हणजे म्हातारा बर्फातून पूल ओलांडतो. गेल्या सोमवारी सकाळी कोट घेऊन गेले तर खोलीत कोणी नाही आणि टेबलभर पांढरं. वर कागद चिकटवलेला, "कोणीही हात लावू नये". कोणीही म्हणजे बाकीचे, मी काय कोणी आहे? मला वाटलं छताचा चुना पडला. ओलं फडकं घेतलं आणि एका दमात लख्ख केलं. म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा, बरं दिसत नव्हतं, त्यालाही वळवला आणि नवा कोट चढवला. तो चुना नव्हता गं. खायचा सोडा होता. बर्फ होता. नऊ दिवस फोटो काढत जपलेला बर्फ!

दाढीवाला आला आणि टेबलाचा पाय धरून खाली बसला. "मावशी, काय केलंत!" मी म्हटलं, "साफ केलं. घरात कोणी शिकवलं नाही वाटतं." तेवढ्यात मास्तर आले. ओलं टेबल बघितलं, वळलेला म्हातारा बघितला, आणि साठीचा माणूस टुणकन उडीच मारतो की! "अकरावी कडी! बाईंनी अकरावी कडी घातली!" मग काय, दाढीवाल्यानं डोळे पुसले, पुन्हा सोडा पसरला आणि मला केसभर केसभर पुसायला लावला. दोन दिवस, अक्का. हात माझा, फडकं माझं, सिनेमात! चौथी नापास बाईची कडी मास्तरांनी वहीत उतरवली ती अशी:

पुसून घेतलं
तर लाकूड ओलं, चकचकीत,
म्हातारा वळून बघतो.

आता बारावी. ती या खोलीतल्या कोणी घालायची नाही असं मास्तरांचं म्हणणं, बाहेरचा वारा पाहिजे. शुक्रवारी ही जागा सोडायची, टेबल मोडणार, म्हणजे कडी आली नाही तर माझा हात लोंबकळत राहणार आणि सिनेमा अर्धाच. मी छाती ठोकून सांगून बसले की माझी थोरली बहीण दोन ओळीत माणूस गप करते. म्हातारा कोणाकडे वळून बघतो, ते तू सांगायचं. दोनच ओळी. बर्फ आणि पूल आणायचे नाहीत, ते मागं गेले.

तुझी धाकटी

ता. क. ओळी टपालानं पाठवू नकोस, मास्तरांना अक्षर लागत नाही. स्वतः येऊन सांग.

दुसरा ता. क. मास्तरांना सगळ्यांचं अक्षर लागतं. आईचं मशीन टाके सोडतंय, खालचा दोरा तुझ्याच हातानं बसतो. म्हाताऱ्याची एक बाही अजून टाचणीवर आहे.

शेवटचा ता. क. मशीन थोरलीला द्या असं आई म्हणाली होती. मी दाराआडून ऐकलं होतं. पण मागच्या कडीकडे जायचं नाही हा जपानातला नियम आहे, तो मी तुला मोडू देणार नाही. पुढचं काय ते बोल, आणि गुरुवारी दुपारी बाराच्या आत येऊन बोल.