बिनरंगी सुरया

३ मार्च
पुन्हा पिवळी! काचेची सुरई निववायच्या पेटीतून काढली, खिडकीत धरली, तर गळ्यापासून बुडापर्यंत पिवळट झाक. जुन्या वर्तमानपत्रासारखी. वाळू तीच, सोडा तोच, भट्टी तीच. मान मात्र काय साधली आहे! एका फुंकेत. अशी मान काढणारा दुसरा दाखवा म्हणावं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. नळी धरली आणि बोटं भाजत शिकलो. हट्ट एकच – काच पाण्यासारखी हवी. रंग म्हणजे चुकांवर घातलेलं पांघरूण.

पिवळेपणा मारायला वितळलेल्या काचेत थोडी निळी पूड टाकतो. मापून नाही, नजरेने. पूर्वी चिमटीच्या टोकाएवढी पुरायची. आता चांगली चिमूटभर टाकली तरी पिवळी ती पिवळीच.

हिला दाखवली. "मला नाही बाई पिवळी दिसत," म्हणाली. पुढेही काही बोलणार होती. मी म्हटलं, "तुला काय कळतंय काचेतलं!" झालं. उठून भाजी चिरायला गेली.

५ मार्च
दुकानदाराचा फोन. "दादा, त्या निळ्या सुरया हातोहात गेल्या. तशाच डझनभर पाठवा."
निळ्या? मी रंगीत माल करत नाही. दुसऱ्या कुणाच्या असतील, असं स्पष्ट सांगितलं.
"अहो, बुडाला तुमची खूण आहे!"
"मग खूण चोरली कुणीतरी." फोन ठेवून दिला.

८ मार्च
आणखी दोन फोडल्या. हात गेला बहुतेक माझा. भट्टी विझवून टाकावी का?

११ मार्च
नळीच्या टोकावरचा तापलेला गोळा सरळ बाकाच्या कडेवर नेऊन आपटला. बाक एवढ्या जवळ आहे हे दिसलंच नाही! हिने पाहिलं. "चला. कलाकारी पुरे आता." हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

"वर्षानुवर्षं भट्टीत बघत बसलात, दुसरं काय होणार?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळं पिवळटच दिसत असेल."

सगळंच! मला त्या खुर्चीत हसू आवरेना. म्हणजे काच ठीक. हात ठीक. फुंकही ठीक! छातीवरचा धोंडा उतरला. काळा चष्मा लावून भट्टीपुढे बसायलाही हरकत नाही म्हणाल्या. ऑपरेशन आधी उजव्या डोळ्याचं, महिन्याने डाव्याचं.

"आत भिंग काचेचं ना?" मी विचारलं.
"छे, प्लास्टिकचं."

माझ्या डोळ्यात प्लास्टिक! ही घरी येईपर्यंत हसत होती.

१९ मार्च
ऑपरेशन झालं. दुखलं नाही. आत नेईपर्यंत मी उगाच हिचा हात दाबून धरला होता.

२० मार्च
पट्टी निघाली. भिंत इतकी पांढरी असते? हिच्या केसांत इतके रुपेरी? (बोललो नाही.)

मग फळीवरच्या माझ्या सुरयांकडे वळलो. निळ्या! सगळ्या. पहाटेच्या आभाळासारख्या. उजवा मिटला, डाव्याने पाहिलं – पिवळट. डावा मिटला – निळ्या. चार-पाच वेळा केलं. चिमूट चिमूट करत मीच निळ्या केल्या होत्या!

"तुला दिसत होतं?"
"अहो, सगळ्या गावाला दिसत होतं. मला वाटलं, तुम्हाला निळ्याचं वेड लागलंय. तुमच्या कामात तोंड घातलं की राग माझ्या भाजीवर निघतो."

तरीही कबूल करायला हवं, रंग सुंदर आहे. असा मी ठरवून कधीच केला नसता.

२१ मार्च
सकाळी दुकानदाराला फोन केला. सुरया माझ्याच, म्हटलं. मग डॉक्टरीणबाईंना – डावा डोळा सध्या राहू द्या. त्याच्याच नजरेने अजून डझनभर निळ्या व्हायच्या आहेत.