निकोलाच्या दिवशी पुलावर अडकलेली गाडी

ती. वुकाशिन मामांना,

बेलग्रेडहून भाचा रातोमिर याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी थंडीत चुलीपाशी बसू देतात, की डुकरांमागे पळवतात? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला धड झोप लागत नाही.

कारण आपला कूम, बुदिमिर. गेल्या वर्षी त्याच्या स्लावाला (घराण्याच्या संताच्या दिवशी तरी माणसानं तोंड आवरावं) मी माझी नवी विजेची गाडी मिरवली. तो पडला डिझेलचा मेकॅनिक. म्हणाला, "हे खेळणं एक दिवस पुलावर बसकण मारणार." मी म्हणालो, सगळ्यांनी अशीच घेतली की तू गॅरेजला कुलूप घाल. तेव्हापासून बोलणं कामापुरतं. बाप्तिस्म्याला माझ्या पोराला हातांवर धरून कूम झालेला माणूस, आणि फोनवर नुसता "हं" म्हणतो. (भाऊ तुटला तर चालेल, कूम तुटता कामा नये, हे तुम्हीच शिकवलंत.) म्हणून यंदा संत निकोलाच्या दिवशी, म्हणजे त्याच्या स्लावाला, त्याच्याकडे जाऊन सगळं मिटवायचं ठरवलं.

देसांका बायकोच्या हक्कानं म्हणाली, दुपारीच निघू, रस्ते मोकळे असतात. पण मामा, स्लावाला कुणी बोलावत नाही, आपणच जायचं असतं. अशा घरी भर दुपारी दार वाजवलं तर लोक म्हणणार, बिचाऱ्याला घरी जेवायला मिळत नाही. म्हणून चारचौघांसारखे संध्याकाळी निघालो. आता त्या दिवशी अर्धं बेलग्रेड पाहुण्यांची वाट बघतं, उरलेलं अर्धं पाहुणं म्हणून जातं, आणि त्यातल्या कुणालाच उपाशी दिसायचं नसतं. त्यामुळे सगळे एकाच वेळी पुलावर.

चाकं जागची हलत नव्हती, पण हीटर, दिवे, वायपर यांचं खाणं चालूच. तीन तासांत मैलभर न जाता बॅटरी अर्ध्यावर आली. बुदिमिरचं भाकीत डोळ्यांसमोर खरं होताना बघून मला त्या थंडीत घाम फुटला. हीटर बंद केला, तर आमच्याच श्वासांनी काच धुरकटली. काच दिसावी म्हणून पुन्हा लावला. देसांका शालीच्या आतून म्हणाली, "माझं नाक गळून पडलं तर उचलून ठेव. कूमकडे गेल्यावर चिकटवू." मागचा माणूस हॉर्न वाजवत होता, जणू पूल मीच अडवला होता.

पोचलो तेव्हा गाडी शेवटच्या घटका मोजत होती आणि बाकीचे पाहुणे कोट चढवत होते. मी "स्लावाच्या शुभेच्छा" म्हणायच्या आधी "प्लग कुठे आहे" विचारलं. (लाज वाटते, पण विचारलं.) स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर बाहेर काढली, हात धुतले, टेबलाशी बसलो, आणि घरभर अंधार. ओव्हन चालू होता, त्यात माझी गाडी, फ्यूज उडाला. संताची मेणबत्ती तेवढी जळत होती आणि तिच्या उजेडात बुदिमिरचं तोंड. मी टोमणा झेलायला मान खाली घातली. तो उठला, ओव्हन बंद करून फ्यूज बसवला, मासा वाढला, आणि गाडी जरा भरल्यावर आम्ही निघालो तेव्हा म्हणाला, "हं."

परतीला रस्ता ओस होता. हीटर लावूनही आलो आणि बॅटरीचा आकडा जेमतेम हलला.

आता जानेवारीत संत योव्हानचा दिवस, म्हणजे आमचा स्लावा, येतोय. त्या दिवशी बुदिमिर आमच्या दारात आला नाही, तर आमचं नातं संपलं म्हणून समजा.

तुमचा,
रातोमिर

ता. क. खरं काम हे, की त्याला सहज म्हणून फोन करा आणि येणार का याचा अंदाज घ्या. माझं नाव काढू नका.

ता. क. (दुसरा) फोन करू नका. पाकीट चिकटवणार तोच बुदिमिरच्या बायकोशी, झोर्कावहिनीशी, देसांकाचं बोलणं झालं. बुदिमिर त्या दिवशी दुपारपासून खिडकीत उभा होता. आमच्या वाटणीचा मासा गार होऊ नये म्हणून वहिनींना ओव्हन पुन्हा पुन्हा लावायला लावत होता. फ्यूज त्यामुळेच उडाला. आपल्या जिभेपायी कूमचं नातं तुटलं असं त्यानं धरून ठेवलं होतं, आणि मी दारात दिसल्यावर त्याला बोलणंच सुचेना. तेव्हा तुम्ही एवढंच कळवा: योव्हानच्या दिवशी मी खिडकीत कधीपासून उभा राहू?