वकिलाकडे नेलेली पिशवी

अण्णा, काल शेजारच्या सूनबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "काकू, दत्तक घेतलेलं मूल कायद्यानं परत करता येतं का हो? एकांसाठी विचारतेय." आणि मी एकदम तुमच्यासोबत बुधवार पेठेतल्या वकिलांच्या जिन्यात जाऊन उभी राहिले.

मला घरी आणून सात-आठ वर्षं झाली होती आणि आईला मुलगा झाला. बारसं उरकतंय तोच मोठे काका म्हणाले, "आता स्वतःचा झालाय. पोरीचं दत्तक मोडून टाक. विचारून तरी बघ." मी स्वयंपाकघरात बसून ऐकते आहे. आईचं लाटणं थांबतं. तुम्ही एवढंच म्हणता, "विचारू की. तूही चल, दादा. पोरीलाही नेऊ, तिचंच काम आहे."

दुसऱ्या दिवशी मी कॉन्व्हेंटचा गणवेश घालून निघाले. कसब्यातल्या आपल्या तांब्याच्या भांड्यांच्या कारखान्यापासून चालत. माझी पिशवी तुम्ही घेतलीत, त्या काळवंडलेल्या हातात. वकील म्हणाले, "रीतसर झालेलं दत्तक आईबापांना मोडता येत नाही." तुम्ही गंभीरपणे विचारलंत, "आणि उद्या हिलाच आम्ही नकोसे झालो तर?"

"तिलाही मोडता येत नाही."

"वा! म्हणजे दोघंही अडकलो. चल गं."

जिन्यात काका पुटपुटले, "तुला आधीच ठाऊक होतं."

"मला होतं. तुला कळायला हवं होतं."

पुढे शाळेच्या बक्षीस समारंभात सिस्टर म्हणाल्या, मुलगी अगदी तुमच्यावर गेली आहे. "जाणारच," म्हणून तुम्ही मान ताठ केलीत. ती ताठ मान मी अजून मिरवते. सूनबाईंनाही म्हटलं, "आताचा कायदा वकिलांना विचार. आमच्या घरी दोघंही अडकलो होतो, आणि मजेत होतो."

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून धीर करून सांगते. त्या पिशवीत पुस्तकं नव्हती. दोन फ्रॉक होते, कंपासपेटी होती, आणि माझ्यासाठी तुम्ही घडवलेलं फुलपात्र. मला तिथूनच सोडून येतील, असं धरून मी तयारीनं निघाले होते. फुलपात्र पेटीवर वाटभर वाजत होतं. तांब्याचा आवाज तुमच्या लक्षात आला नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी जेवायला बसले, तर ते पाण्यानं भरून माझ्या ताटाशी ठेवलेलं होतं.

मी ते पिशवीतून काढलं नव्हतं, अण्णा.