रजेवरची आत्या

सोलापूर, मंगळवार

तीर्थस्वरूप अभिमन्यूदादास,

आरोहीचा नमस्कार. वहिनीच्या अंगात आता ताकद आली असेल, बाळाचं पोटही दुखायचं थांबलं असेल. तू फोनवर "ये की गं" एवढंच म्हणून ठेवून देतोस आणि माझी अडचण सांगायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र जोतिरामकाकांबरोबर वळसंगला पाठवते आहे.

गुरुवारी बारसं. बाळाला आत्या एकच, म्हणजे कानात नाव मीच सांगायचं, हे मला कळतं. पण डॉक्टरांनी टायफॉईडसाठी पंधरा दिवसांची रजा लिहून दिली आहे, आणि आज नवव्याच दिवशी मी बरी आहे. (ताप चार दिवस नाही. काल भात दोनदा मागून घेतला.) आता उरलेले सहा दिवस माझे की कारखान्याचे, हे मला ठरवता येत नाही. आजारपणाच्या रजेवर कुणाला कामावरून काढत नाहीत. पण रजा आजाराची आणि बाई बारशाला, असं निघालं तर काढतात. टॉवेल कारखान्यातली ही नोकरी मला दोन वर्षं शोधून मिळाली आहे. आमच्या पॅकिंगमधल्या मानसिंगभाऊंची पाठ दरवर्षी नेमकी ज्वारीच्या काढणीला धरते. दहा दिवसांनी ते रापून परत येतात आणि डब्यात नव्या ज्वारीची भाकरी असते. (मीही एकदा खाल्ली, चौकशी न करता. ती चूकच.) मला तसं जमत नाही. चौथीत असताना बाबांनी माझ्या रजेच्या अर्जात लिहिलं होतं, 'मावशीच्या लग्नाला जात आहे, ताप नाही.' तो अर्ज बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता.

म्हणून आज सकाळी मी साहेबांनाच विचारायला गेले. गेटवर वॉचमन सिद्धाप्पामामांनी अडवलं.

"ताई, तुमी आजारी हाय की. हितं कशाला आलाय?"

म्हटलं, बरी आहे, फक्त विचारायचं आहे.

"बरी हाय म्हनताय? मग रजा कशाची?"

म्हटलं, तेच विचारायचं आहे.

फिट सर्टिफिकेटशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम. त्यांनी वहीत लिहिलं, 'आरोही मॅडम, आजारी. गेटवर आल्या. बरी आहे म्हणाल्या,' आणि माझी सही घेतली. सगळं खरंच होतं, म्हणून मी केली. आता मी बरी असल्याचा पुरावा माझ्याच सहीनं गेटवर आहे.

तेव्हा मला येता येणार नाही. वहिनीची समजूत घाल.

तुझी,
आरोही

ता. क. बारसं रविवारी ठेवता येईल का? रविवारी कारखाना बंद असतो. त्या दिवशी बरं असायला कुणाला विचारावं लागत नसेल.

आणखी ता. क. मानसिंगभाऊंना फोन केला. (पाठीमुळे ते शेतातच होते.) "रजेतला रविवार बी आजारातच धरत्यात," म्हणाले. तेव्हा गुरुवारच राहू दे. मग डॉक्टरांना विचारलं, जे आधी विचारायला हवं होतं. प्रवास चालेल, बाळाला हात धुऊन घ्यायचं, घुगऱ्या खायच्या नाहीत. साहेबांना अर्ज लिहिला, 'भाच्याच्या बारशाला जात आहे, ताप नाही,' आणि सिद्धाप्पामामांकडे दिला. त्यांनी तोही वहीत लिहिला. काय व्हायचं ते होईल, मी येते.

शेवटचा ता. क. खरं सांगायचं ते राहिलंच. नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. त्यांना हळू घालायला सांग. पाठ दुखली तर माझी पंचाईत होईल, सर्टिफिकेटात फक्त टायफॉईड आहे.