बेसिनखालची बाटली

प्रिय खारूताई,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझ्याकडून परत येऊन महिना झाला आणि नीट पोहोचलो एवढंही कळवलं नाही. लिहायला रोज बसत होतो. चार कागद फाडले. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून माझं लिहिणं म्हणजे नळाच्या कामांची वही, आणि ही गोष्ट फोनवर सांगायची म्हटली तर मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवतो. गोष्ट तुझ्या आईच्या दुखण्याची आहे. घाबरू नकोस, ती आता ठणठणीत आहे. शेवटी थोडं तुझ्याबद्दलही आहे, म्हणून मधेच पत्र खाली ठेवू नकोस.

गेल्या वर्षी तिने विणकामाचा वर्ग घेणं बंद केलं, तेव्हा तुला गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. ते खोटं. तिला खाली खाज सुटायची, आग व्हायची, पांढरं जायचं आणि वासही यायचा. दहा बायकांमध्ये दोन तास बसायचं तिला नको झालं. जिच्या हसण्याला वरच्या मजल्यावरून दाद यायची, ती बाई खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसायला लागली. मलाही सांगितलं ते भिंतीकडे तोंड करून. आणि मी किती घाबरट ते तुला ठाऊकच आहे. मला एकदम मोठाच आजार दिसायला लागला.

औषधाच्या दुकानातून मलम आणलं. चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसरी ट्यूब झाली, तिसरी झाली. एका डॉक्टरने तर तपासलंसुद्धा नाही, टेबलापलीकडूनच तेच मलम लिहून दिलं. मग मी माझी अक्कल चालवली. जंतू मारणारी ती उग्र वासाची मोठी बाटली आणली आणि तिला म्हटलं, दिवसातून तीनदा याने धू, आतूनसुद्धा. आठ दिवसांत बिचारीला बसवेना. नववा दिवस उजाडला तशी ती कडाडली, "अहो, मी बाई आहे, मोरी नाही! घाला ती बाटली तुमच्या डोक्यात!"

शेवटी वाट सापडली ती एका सिंकखाली. एका नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात पाइप बदलत होतो. तोंड दिसत नव्हतं म्हणून धीर आला आणि तिथूनच सगळं विचारून टाकलं. वरून त्या म्हणाल्या, "आजोबा, आधी बाहेर या. पान्ह्याशी काय बोलताय?" त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की पुढची ट्यूब आणू नका, तपासणी करून घ्या, आणि बायकांच्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, कधीपासून, कशाने कमी होतं, परत केव्हा येतं? तुझी आई लाजून जमिनीकडे बघत बसली. तेव्हा मी खिशातून कामाची वही काढली. त्यात सगळं तारखेने होतं. एका ओळीत तिसऱ्या मजल्यावरची टाकी गळते, खालच्या ओळीत हिला मलम, खाज कमी, वास तसाच. मग कुणाचा तरी फ्लश, आणि पुन्हा ही. तुझ्या आईने वही ओढून घेतली. "मला फ्लशच्या खाली लिहिलंत?" म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा खदखदून हसली. डॉक्टरीणबाईंना डोळे पुसावे लागले. पण त्या म्हणाल्या, "आजोबा, याचा फार उपयोग आहे. मलमाने खाज जाते आणि वास राहतो, म्हणजे एका वेळी दोन दुखणी असू शकतात."

तसंच निघालं. त्यांनी कापसाच्या काडीवर नमुना घेऊन तपासला. योनीत बुरशीचा संसर्ग होता आणि जिवाणूंचाही. (यातला पहिला शब्द लिहायला मला चार कागद लागले, त्यांनी तो नाक-कान म्हणावं तसा सहज उच्चारला.) आमचं मलम फक्त बुरशीचं होतं. दुसऱ्यावर कुणी औषधच दिलं नव्हतं. आणि माझ्या बाटलीने आतले चांगले जंतूही मारून टाकले होते. त्या म्हणाल्या, "आजी, हे घाणीमुळे होत नाही. आत धुवायचं नाही, बाहेरून साधं पाणी पुरे." सात दिवस पोटात घ्यायच्या गोळ्या दिल्या, बुरशीसाठी झोपताना आत ठेवायच्या वेगळ्या. दोन्ही पूर्ण करायला लावल्या, पुन्हा तपासायला बोलावलं. आता वर्ग जोरात सुरू आहे. काल हसण्याचा आवाज ऐकून वरचे आजोबा काठी घेऊन खाली आले, काय झालं बघायला! त्यांना एका मफलरसाठी माप द्यायला लावूनच बायकांनी सोडलं.

हे पत्र तुझ्या आईने वाचलंय, अकरा चुका काढल्यात. म्हणाली, "सगळं लिहा, माझी लाज मी बघून घेईन."

आता तुझ्याबद्दल. मागच्या महिन्यात तुझा नळ नीट करायला बेसिनखाली वाकलो, तेव्हा मागे तीच मोठी बाटली दिसली, आणि पिळून चपट्या झालेल्या त्याच मलमाच्या चार ट्यूब. तू जेवताना सारखी उठत होतीस तेही मी बघितलं. आणि मी काय केलं, तर वॉशर बदलला आणि गुपचूप घरी आलो. तुझ्या आईच्या वेळी केली तीच चूक, लाजेपायी वेळ घालवायची. तुझं दुखणं तेच असेल असं नाही, ते तपासल्यावरच कळेल. पण तपासून घे. बाटली ओतून टाक. सोबत डॉक्टरीणबाईंचा पत्ता ठेवलाय, तुझी आई बरोबर यायला पिशवी भरून बसली आहे. जावईबापूंनी पत्र वाचलं तर वाचू दे, त्यांनाही कळलेलं बरं. वहीत मी तुझी ओळ लिहून ठेवली आहे, फ्लशच्या खाली नाही, नव्या कोऱ्या पानावर. तारखेची जागा तेवढी मोकळी आहे. मला चैन नाही, बाळा. "जाऊन आले" एवढे दोनच शब्द लिही, पण लवकर लिही.

तुझाच, सिंकखाली धीर येणारा,
अप्पा