लिटमस काळा होतो

११ जुलै, सोमवार

— वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. भिंतीवर चित्र आलं. दहावी ब ने टाळ्या वाजवल्या. प्रोजेक्टर कुणीतरी आमच्या हिंदी शाळेला दान दिलेला, जुना. चित्र निळसर पडतं. पडू दे.

इंटरनेटवरच्या प्रयोगशाळेतून आम्लाचा प्रयोग घेतला. माउसने ड्रॉपर उचलायचा, निळ्या लिटमसच्या कागदावर थेंब सोडायचा. मी लॅपटॉपवर वाकलेली, पाठ भिंतीकडे. थेंब पडला, कागदाचा रंग बदलला, शेवटच्या बाकापर्यंत दिसला. करोनात ही मुलं मोबाइलच्या काचेत शिकली. त्यांना काहीतरी मोठं दाखवता आलं.

१२ जुलै, मंगळवार

प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर म्हणाले, "वनमाला मैडम, न एसिड, न काँच, न झंझट. वाह." फोटो काढला, वरच्या ऑफिसला पाठवला. खोटं कशाला लिहू — मीही खूश झाले.

१३ जुलै, बुधवार

आणखी दोन साइट पाहिल्या. एकीत आयन दिसतात, पाण्यात सुटे होऊन फिरणारे. हे मला फळ्यावर कधीच जमलं नाही. दुसरी प्रत्येक बरोबर उत्तराला फटाके फोडते. बंद केली.

१६ जुलै, शनिवार

टेस्टचे पेपर तपासत होते. प्रश्न साधा: निळ्या लिटमसवर आम्ल टाकल्यास काय दिसेल? अर्ध्या वर्गाचं उत्तर — काला हो जाता है.

एकमेकांचं पाहिलं असणार. दामिनी साहूला बोलावलं. ती भनपुरीच्या वस्तीतून येते. कॉपी करत नाही, कुणाला करूही देत नाही. तिनेही काळाच लिहिला होता.

"काला कहाँ देखा?"

"करिया होगे रिहिस, मैडम." मग मी परगावची असल्यासारखं, सावकाश हिंदीत, "काला हो गया था. आप ही तो दिखाए थे."

वर्गात गेले. प्रोजेक्टर लावला, थेंब सोडला. या वेळी तोंड भिंतीकडे.

काळा.

प्रोजेक्टरमधला लाल रंग मेला आहे. निळं निळंच दिसतं, लाल दिसतं काळं. लॅपटॉपवर लाल होतं आणि मी तेवढंच पाहत होते. वर्ग भिंतीकडे पाहत होता.

काळा लिहिणाऱ्या सगळ्यांना पूर्ण मार्क दिले.

१७ जुलै, रविवार

बाबा रेल्वेत सिग्नलवर होते. त्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "लाल दिसत नाही म्हणते? आमच्यात अशा माणसाले घरी बसवत. तुमच्यात त्याले वर्ग देऊन राहिले."

१८ जुलै, सोमवार

लाल लिहिणाऱ्यांना उभं केलं. "लाल कहाँ देखा?"

मग एक पोट्टा म्हणाला, "गाइड में, मैडम." वर्ग हसला. तोही हसला. त्याला अर्धा मार्क दिला, खरं बोलल्याचा.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. लाल लिहिणाऱ्या कुणाचे तरी वडील भांडून गेले होते. टेबलावर पेपर.

"काला लिखा है और फुल मार्क्स?"

"जो दिखा, वही लिखा है, सर."

"बोर्ड में भी यही लिख आएँगे तो?"

"तो लैब खोल देती हूँ. असली देख लेंगे."

लॅब करोनापासून बंद आहे. किल्ली माझ्याकडे असते.

ते हसले. चांगले हसले, मनापासून. "लैब कहाँ, मैडम. वहाँ स्मार्ट रूम बनेगी. टेबल-वेबल सब हटेंगे. आपका डेमो देखकर ही तो मंज़ूरी आई है. आप ही ने दिखा दिया कि लैब की ज़रूरत नहीं." शुक्रवारपर्यंत किल्ली ऑफिसात द्यायची.

माझा डेमो.

जिना उतरताना मध्येच थांबले. भीती आहे का, पाहिलं. नव्हती. राग होता.

२० जुलै, बुधवार

काल संध्याकाळी गोल बाज़ारकडून येताना लिटमसच्या नव्या पुस्तिका घेतल्या. आज कुणाला न विचारता लॅब उघडली. जाळी. सिंकमध्ये वाळलेली पाल. आमचा शिपाई भैय्यालाल झाडू घेऊन आला. "मैं तो इधर आया ही नहीं, मैडम," म्हणत सगळी खोली झाडून गेला. नळ आधी खोकला, मग तांबडा गळला, मग पाणी आलं.

प्रत्येकाला निळी पट्टी. आम्लाचा ड्रॉपर हातोहात फिरला. मी पुढे काय होईल ते सांगितलं नाही.

मग दामिनी — "मैडम, ये तो लाल भी नहीं है."

पट्टी उजेडात धरली. गुलाबी होती. कडेला जांभळट. पुस्तकात लाल आहे, म्हणून इतकी वर्षं मला लाल दिसत होतं.

"क्या लिखें, मैडम?"

"जो दिखा."

वह्यांमध्ये गुलाबी आलं, हलका लाल आलं, एकाने लिहिलं — मुनगे के फूल जैसा नहीं, कमल जैसा. मुनगा म्हणजे शेवगा, पांढरट फुलाचा. यांपैकी एकही उत्तर गाइडमध्ये नाही.

नंतर त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून आयन दाखवले. डोळ्याला जे दिसत नाही ते तिथे पाहावं. जे दिसतं ते इथे. माझं साइटशी भांडण नाहीच.

२१ जुलै, गुरुवार

मधल्या सुट्टीत भैय्यालाल. "मैडम, साहब चाबी मँगा रहे हैं."

"कह दो, पर्स में है."

"बस इतना?"

"हव."

तो दारापर्यंत गेला, परत आला. "मैं ये कहूँगा तो डाँट मुझे पड़ेगी. आप ही कह दो न."

बरोबर होतं त्याचं. मी जाऊन सांगितलं. किल्ली देणार नाही. स्मार्ट रूमच्या नव्या प्रोजेक्टरसाठी तळमजल्यावरची रिकामी खोली आहे, तिथे लावा, मी रोज वापरीन. लॅब राहील.

"अब आप बताएँगी, कौन-सा कमरा?"

"लैब का तो हाँ, मैं बताऊँगी."

घरी बाबांनी विचारलं, "काहून भांडून राहिली त्याच्याशी? बदली करून देईन तो."

"करू द्या."

"आणि मग?"

"तिथेही लॅब असेल."

"नसली तं?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

२२ जुलै, शुक्रवार

शेवटची घंटा होईपर्यंत कुणी किल्ली मागितली नाही. निघताना प्राचार्य गेटपाशी भेटले. आवाज चढवला नाही.

"चाबी आप रखिए, मैडम. चाबी आपकी, स्कूल तो मेरा है."

मी नमस्कार केला. किल्ली नेली.

२३ जुलै, शनिवार

सकाळी लॅबपाशी आले. कुलूप कोयंड्यासकट चौकटीला लटकत होतं, न उघडलेलं. दार नव्हतं. बिजागऱ्यांतून काढून व्हरांड्यात भिंतीला टेकवलेलं. टेबलं गेलेली. सिंक तेवढा राहिलाय.

भैय्यालाल माझ्याकडे न पाहता म्हणाला, "कल शाम को साहब मिस्त्री बुलाए थे."

आता ही खोली कुणालाच बंद करता येत नाही.

पहिला तास दहावी ब चा होता. मुलं जमिनीवर बसली. मी नळ उघडला. पाणी आलं.