नर पपईवरच्या लाल फुलीबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी साहेब,
शिरीष वसाहत, रांझी, जबलपूर.

विषय : क्वार्टर क्र. १७ मागील नर पपई सोमवारी न तोडण्याबाबत.
संदर्भ : ‘फळ न देणारी झाडे काढणे’ ही फाटकावरची आपली सूचना.

महोदय,

अर्जदार कु. दुर्वा गावंडे अकरावीत शिकते. आपण नागपूरकडले असल्याचे कळल्याने अर्ज मराठीत आहे. चुका सांभाळून घ्याव्यात, मुद्दा मात्र पक्का आहे.

१. सदर झाडाला फळ धरत नाही, हे अर्जदारास मान्य आहे. ते नर आहे, धरेल कसं? परंतु त्याचे पराग वारा उडवून नेतो, संध्याकाळी पतंगही नेतात. ते मादी झाडाच्या फुलावर पडले तरच पपई धरते, नाहीतर फूल गळतं. अर्जदाराच्या अंगणातली मादी पपई यंदा पहिल्यांदाच फुलून राहिली आहे.

२. फुली नेमकी याच झाडावर काहून, याबाबत अर्जदारास संशय आहे. शेजारचे श्री. सूर्यकांत तिजारे काका यांच्या स्कूटरवर त्याची फुलं पडतात. “बिनकामाचं झाड! तुझ्यासारखंच दिवसभर हवा खाऊन राहते,” असे ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पपया याच झाडाच्या भरवशावर आहेत, हे अर्जदाराने सांगितले असता, “अच्छा! आता पपईलाही नवरा लागते का?” असे म्हणून ते हसत आत गेले.

३. मंदिरामागची नर पपई गेल्या महिन्यातच गेली. त्यानंतर फाटकावरचा फळवाला भैया म्हणाला, “दीदी, अगले साल पपीता हमईं से लेना पड़ेगा.” त्याला हे आत्ताच कसं कळलं? तो वसाहतीत कोणाकोणाशी बोलतो, याची चौकशी व्हावी.

४. लिहिताना संकोच होतो, परंतु संशय आपल्या कार्यालयावरही होता. म्हणून अर्जदाराने आपल्या बंगल्याची कुंपणाबाहेरून (आत नाही) पाहणी केली. आपल्या दोन्ही पपया मादी असून फळांनी लदबदल्या आहेत. तिथे नर नाही. वसाहतीत आता उरला तो हाच एक. सबब आपण संशयातून मुक्त आहात. स्वतःच्या न्याहारीवर कोणी फुली मारत नाही.

तरी फुली सोमवारपूर्वी पुसावी. तोडायचंच असेल, तर आधी आपल्या बंगल्यातल्या दोन्ही तोडाव्यात. पुढच्या वर्षी त्याही फळ न देणाऱ्याच होणार आहेत, आणि नियम सगळ्यांना सारखा.

आपली नम्र, पण लक्ष ठेवून असलेली,
दुर्वा बाबाराव गावंडे
शुक्रवार, २१ मार्च २०२५

सोबत :
नर फुलांचा घोस, पाकिटात (शिंका येणाऱ्यांनी लांबून पाहावा).
तिजारे काकांच्या स्कूटरचा फोटो (फुलं दिसतात, नुकसान दिसत नाही).